चिंचेखाली बसलेली बाद पोरं

फार पूर्वी, डोंगराच्या पायथ्याशी पाथरवटांचं एक गाव होतं. तिथली माणसं खाणीतून काळा दगड काढायची, त्याचे चिरे घडवायची, जाती आणि पाटे-वरवंटे करायची. दिवसभर गावात छिन्नी-हातोड्याचा आवाज आणि सगळ्यांच्या भुवयांवर दगडाची भुकटी. मोठी माणसं घण मारायची आणि पोरं कपच्या वेचून टोपल्यांनी वाहायची. आठ-नऊ वर्षांच्या पोराचे तळहात बघितले तर ते त्याच्या आज्याचे वाटायचे. कुणाचं बोट चिरडलेलं, कुणाला सुटता न सुटणारा खोकला.

गावात एक शाळाही होती. म्हणजे देवळाची ओसरी, समोर दगडी फरसबंदीचं पटांगण आणि पटांगणाच्या कडेला एक चिंच. तिथे आधी जे पंतोजी होते, त्यांचा छडीवर फार जीव. त्यांच्या हाताला विश्रांती नसे आणि पोरांच्या पाठीलाही नसे. छडीपेक्षा टोपली बरी, असं म्हणत एकेक पोर खाणीत पळालं. शेवटी शाळेत पंतोजी आणि छडी असे दोघेच उरले, आणि एके दिवशी तेही चालते झाले.

त्यांच्या जागी एक तरुण पंतोजी आला. अंगानं काटकुळा, पण बोलणं ठाम. त्यानं आल्या आल्या गाव गोळा केला आणि हात जोडून म्हणाला, "मला तुमची पोरं द्या. मी छडी हातात धरणार नाही. मी त्यांना खेळातून शिकवीन."

गाव हसला. सगळ्यात मोठ्यानं हसला खाणीचा मुकादम, कारण पोरं शाळेत गेली तर कपच्या कोण वाहणार?

"खेळून इद्या येत असती पंतोजी," तो म्हणाला, "तर आमची करडं आतापतूर पोथी वाचाया लागली असती."

पण आया हसल्या नाहीत. पोरांच्या हातांना रात्री तेल त्याच चोळायच्या. त्या सगळ्यांनी पारख्याकडे बघितलं.

हा पारखी म्हणजे गावातला सगळ्यात म्हातारा पाथरवट. गावाबाहेर जाणारी चिऱ्यांची प्रत्येक गाडी आधी त्याच्यापुढे उभी राहायची. तो ढिगातून आपल्या मनानं एकच चिरा काढायचा आणि त्यावर लहानशी हातोडी मारायचा. चिरा खणखणीत वाजला, तर गाडी पुढे. बद्द वाजला, म्हणजे आतून चिरलेला निघाला, तर अख्खी गाडी माघारी. 'बाकीचे चांगले आहेत हो' ही विनवणी तिथे चालत नसे. एका चिरलेल्या दगडानं भिंत पडते, मग बाकीचे चांगले असून करायचंय काय? या एका रीतीवर गावाचं नाव पंचक्रोशीत टिकून होतं.

पारख्यानं पंतोजीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सांगितलं, "दसऱ्यापतूर पोरं तुमची. दसऱ्याला मी त्यातलं येक पोर उचलीन, माझ्या मनानं. वाचायला लावीन, हिशेब घालीन. खणखणीत वाजलं, तर शाळा ऱ्हाईल आन् बारा वर्साच्या आतलं येकबी पोर खाणीत उतरणार न्हाई. बद्द वाजलं, तर गाडी माघारी. सगळी पोरं खाणीत आन् तुम्ही तुमच्या वाटंनं."

"कबूल," पंतोजी म्हणाला. तरुण वय होतं. त्या वयात मान आधी हलते आणि डोकं मागाहून पोचतं.

दुसऱ्याच दिवशी त्यानं फरसबंदीवर चुन्याचे चौकोन आखले, ठिकरीच्या खेळासारखे, आणि प्रत्येक चौकोनात एक आकडा लिहिला. पोरानं ठिकरी टाकायची, लंगडी घालत त्या चौकोनात जायचं. तिथे एका पायावर उभं असतानाच पंतोजी दुसरा आकडा पुकारणार, आणि पोरानं दोन्हींचा गुणाकार सांगायचा. बरोबर आला तर पुढचा चौकोन. चुकला किंवा पाय टेकला, तर बाद. बाद झालेल्यानं चिंचेखाली जाऊन बसायचं. शेवटी जो उरेल तो त्या दिवसाचा राजा. दुपारी असाच खेळ अक्षरांचा. चौकोनाचौकोनांतून उड्या मारत शब्द जुळवायचा.

काय सांगावं, पोरांना नुसतं वेड लागलं! जी पोरं शाळेचं नाव काढलं की पोटात दुखतंय म्हणायची, ती उजाडायच्या आत ओसरीवर हजर. केरबा नावाचा एक चुणचुणीत पोरगा तर रोजचाच राजा. पंतोजीच्या तोंडातून आकडा निघायचा अवकाश, की यानं उत्तर दिलंच. त्याच्या मागोमाग आणखी पाच-सहाजणं तशीच तयार झाली. त्यांचे पाढे खाणीपर्यंत ऐकू जायचे. येणारे-जाणारे पटांगणाशी थबकायचे, माना डोलवायचे. पंतोजीची छाती फुगली. दसरा उद्या का येत नाही, असं त्याला होऊन गेलं.

चिंचेखाली बसलेल्यांकडे मात्र कुणाचं लक्ष नव्हतं.

त्यांच्यात चिमा नावाची एक मुलगी होती. उंच, लाजरी, बोलायला लागली की स्वतःच्याच आवाजाला दचकणारी. ती रोज पहिली नाहीतर दुसरी बाद व्हायची. पुढे पुढे तर 'बाद' म्हणायचीही वाट बघत नसे. ठिकरी उचलायची आणि आपण होऊन झाडाखाली जायची. तिच्यासारखी आणखी सात-आठजणं तिथे असायची. चिंचोके खेळायची, मुंग्यांची वाट अडवायची, पेंगायची. पंतोजीला ती दिसायची. पण तो मनाशी म्हणायचा, 'बघून बघूनही शिकतातच की पोरं.' आपल्याला सोयीची गोष्ट माणसाला लगेच पटते.

पाऊस सरत आला आणि दसरा महिनाभरावर आला, तेव्हा गावात डोळ्यांची साथ आली. केरबाचे डोळे आले, आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून शेवटपर्यंत खेळणाऱ्या सगळ्यांचेच आले. ती पोरं लालभडक डोळे घेऊन घरी बसली. चिंचेखालच्यांना काही झालं नाही.

'चला, आज यांना तरी भरपूर खेळायला मिळेल,' असं म्हणत पंतोजीनं त्यांना पटांगणात बोलावलं.

पहिली चिमा. तिनं ठिकरी टाकली, ती चाराच्या चौकोनात पडली. लंगडी घालत ती तिथे गेली.

"सहा!" पंतोजीनं पुकारलं.

चिमा एका पायावर उभी राहिली. तिनं पंतोजीकडे बघितलं, मग चिंचेकडे बघितलं, आणि हळूच विचारलं, "बाद?"

दुसरा आला, तोही बाद. तिसरी बाद. झाडाची सावली होती तिथेच होती आणि पटांगण रिकामं झालं होतं. पंतोजीनं सगळ्यांना परत बोलावलं. ठिकरी नाही, लंगडी नाही, नुसतं जवळ बसवून विचारलं. चार सक किती? पाच साते किती? हे अक्षर कुठलं? पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली. चैत्रापासून ती रोज शाळेत येत होती, आणि जेवढं त्या चिंचेला येत होतं तेवढंच त्यांना येत होतं.

आता कुठे पंतोजीला आपला खेळ नीट दिसला. जो चुकत नाही तोच दिवसभर खेळतो, आणि जो चुकतो तो पहिल्या फटक्यात उठतो. म्हणजे ज्याला खेळायची गरज नाही त्याला शंभर डाव, आणि ज्याला गरज आहे त्याला एक! त्यानं छडी टाकली होती खरी, पण पोरांना शाळेबाहेर काढायचं काम त्याचा खेळही करतच होता, फक्त हसत-खेळत.

आणि पारखी उचलणार होता एकच पोर, आपल्या मनानं.

आता त्या गावात एक लबाडीही सगळ्यांना ठाऊक होती. एखादा कामचुकार पाथरवट चिरलेल्या दगडाच्या भेगेत लाख आणि दगडाची भुकटी भरायचा, वरून घासून गुळगुळीत करायचा, नाहीतर तो दगड गाडीवरून हळूच उतरवून झुडपात दडवायचा. सापडला तर गाव त्याच्या तोंडावर थुंकायचा. पंतोजीला हे माहीत होतं. तरी त्या संध्याकाळी तो चिंचेखालच्या पोरांच्या घरी निघाला. भीती माणसाला कुठल्या दारात नेऊन उभी करील, सांगता येत नाही.

प्रत्येक दारात तो खालच्या आवाजात तेच बोलला. "दसऱ्याच्या दिवशी पोराला घरीच ठेवा. डोळे आलेत म्हणा."

आयांना सगळं कळलं. शेवटचं घर चिमाचं होतं. तिची आई चुलीपुढे भाकरी थापत होती. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "बरं. ऱ्हाईल घरी."

पंतोजी वळला, तर मागे चिमा उभी. काखेत पाण्याची कळशी. तिनं सगळं ऐकलं होतं.

"पंतोजी," तिनं विचारलं, "मी परीक्षेतबी बाद का?"

तिच्या आवाजात राग नव्हता, रडं नव्हतं. खाली बसायची जागा विचारावी तसं तिनं विचारलं होतं. पंतोजीला शरमेनं मान वर करवेना. तव्यावरची भाकरी करपली तरी आईनं ती उलटली नाही. तो तसाच बाहेर पडला.

वाटेत केरबाचं घर लागलं. डोळे आले म्हणून शाळेला सुट्टी घेतलेली मंडळी तिथे अंगणात, लाल डोळे चोळत चोळत, ठिकरीच खेळत होती! आकड्यांचे चौकोन, पुकारणं, सगळं पंतोजीच्या खेळासारखंच. दुसरी कुठली वेळ असती तर त्याला हसू आलं असतं.

त्यांच्यात केरबाची धाकटी बहीण ठकी होती. अजून धड लंगडीही न येणारी. तिनं ठिकरी टाकली, दोन्ही पाय टेकत चौकोनात गेली, भलतंच उत्तर दिलं. कुणीच 'बाद' म्हटलं नाही. केरबानं बरोबर उत्तर सांगितलं, ती रांगेच्या शेवटी गेली आणि थोड्या वेळानं पुन्हा आली.

"हिला का नाही रे बाद केलं?" पंतोजीनं कुंपणाबाहेरून विचारलं.

"ती कच्चं लिंबू हाय, पंतोजी," केरबा म्हणाला. "ल्हान हाय न्हवं. तिला बाद धरत न्हाई. तिला परत परत येऊ द्यायचं."

तेवढ्यात ठकीची ठिकरी चाराच्या चौकोनात पडली, आणि कुणीतरी पुकारलं, "सहा!"

"चार सक चोवीस," ठकी म्हणाली आणि नाक पुसत पुढच्या चौकोनात गेली.

पंतोजी कुंपणाला धरून उभाच राहिला. ही पोर शाळेत येत नव्हती. तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिला फक्त कुणी खेळातून काढलं नव्हतं.

सकाळी उजाडताच तो पुन्हा त्याच घरांच्या दारात उभा होता. "पोरांना पाठवा. आजही पाठवा आणि दसऱ्यालाही पाठवा. काल मी जे बोललो ते वाईट बोललो."

काही आया कुरकुरल्या, पण तयार झाल्या. चिमाची आई मात्र भडकली.

"काल येक, आज येक! पंतोजी, माझी पोर तिथं चुकली, तर समद्या गावाची लेकरं खाणीत जातील. मंग लोक जल्मभर हिच्याकडं बोट दावतील. तुमी जाल निघून. हिला हितंच ऱ्हायचंय."

बोलणं खरं होतं. पंतोजी म्हणाला, "बाई, तिला काही येत नाही याचा दोष माझा आहे. मी तिला खेळूच दिलं नाही. अजून थोडा वेळ आहे. तेवढा मला द्या. आणि बोट दाखवायची वेळ आली, तर माझ्याकडे दाखवा. मी निघून जाणार नाही."

आई काही बोलायच्या आत चिमानं कोनाड्यातली आपली ठिकरी घेतली आणि ती उंबऱ्याबाहेर येऊन उभी राहिली. आईनं तिच्याकडे बघितलं, मग पाठ फिरवून ती चुलीकडे गेली. तिनं थांबवलं मात्र नाही.

त्या दिवसापासून पंतोजीनं नियम फिरवला. बाद कुणीच नाही. जो चुकेल त्यानं बरोबर उत्तर ऐकायचं, रांगेच्या शेवटी जायचं आणि पुन्हा यायचं. दुपारच्या अक्षरांच्या खेळालाही हाच नियम. चिंचेखाली बसायला बंदी.

"मग जिंकायचं कुणी?" केरबानं कपाळाला आठ्या घालून विचारलं. डोळे बरे होऊन तो चार दिवसांनी शाळेत परतला होता.

"सगळी पोरं चौकोनांच्या पलीकडे पोचली, तर सगळी जिंकली. एक जरी अलीकडे राहिलं, तर कुणीच नाही."

हुशार पोरांना हे मुळीच रुचलं नाही. दिवसचे दिवस डाव पुरा होईना. केरबा आणि त्याचे सोबती कधीच पलीकडे जाऊन ताटकळत बसायचे आणि अलीकडे चिमा चौथ्यांदा त्याच चौकोनात चुकायची. एकदा केरबानं ठिकरी आपटली आणि तो घरी चालता झाला. "असला कसला ख्योळ? हिच्यापायी समदे हरायचे!"

चिमाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, पण ती रांगेतून हलली नाही. पंतोजी मात्र मनाशी हिशेब करायला लागला. आपण तयार पोरंही हातची घालवतोय की काय? जुनाच खेळ चालू ठेवला असता, तर निदान निम्मी तरी पोरं खणखणीत होती. रोज सकाळी त्याला वाटायचं, आज जुना नियम परत आणावा. आणि रोज मुकादम पटांगणावरून जाताना मुद्दाम थांबायचा. त्यानं बुरुडाकडून नव्या टोपल्या विणून घेतल्या होत्या, लहान लहान, पोरांच्या डोक्यावर बसतील अशा.

"मापाला बऱ्या हायत न्हवं, पंतोजी?" तो विचारायचा.

केरबा दोन दिवस अंगणात एकटाच ठिकरी खेळला. एकट्याचा खेळ किती वेळ चालणार? तो परत आला, पण फुरंगटलेला. आधी तो चिमाला हळूच उत्तरं सांगायला लागला. पंतोजीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण सांगितलेलं उत्तर तिच्या डोक्यात दुसऱ्या फेरीपर्यंत टिकेना. मग केरबा चिडून तिच्यासमोर उकिडवा बसला.

"आगं, मोठा आकडा आला की घाबरायचं कशापायी? त्याचे दोन तुकडं कर. दहाचं येगळं काढ, वरचं येगळं काढ, मग जोड. मी तसंच तर करतो."

ही युक्ती त्यानं आजवर कुणाला सांगितली नव्हती. राजा व्हायचं असलं तर सांगून कसं चालेल? चिमानं तसं केलं. चुकली. पुन्हा रांगेत गेली, पुन्हा आली, पुन्हा चुकली, आणि त्या पुढच्या वेळी बरोबर आलं. ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की चिंचेवरचे कावळे उडाले. एका संध्याकाळी, दिवस मावळता मावळता, शेवटचं पोर पलीकडे पोचलं. अख्खी शाळा पहिल्यांदाच एकदम जिंकली. त्या दिवशी पोरांनी घातलेला धिंगाणा गावानं ऐकला. पंतोजीनं मात्र डोळे पुसले. एक डाव पुरा झाला होता, पण दसरा परवावर आला होता.

दसऱ्याच्या सकाळी गावानं छिन्न्या-हातोड्या धुऊन त्यांना झेंडूची फुलं वाहिली आणि सगळे पटांगणात जमले. मुकादमानं टोपल्यांची चळत पटांगणाच्या कडेला आणून ठेवली होती. पोरं रांगेत उभी राहिली. पारखी कमरेला हातोडी खोचून आला.

त्याची उचलायची एक पद्धत होती. तो दगडांकडे बघतच नसे, गाडीवाल्याच्या तोंडाकडे बघे. गाडीवाला ज्या दगडाकडे बघायचं टाळायचा, नेमका तोच दगड पारखी काढायचा.

पंतोजीला हे ठाऊक नव्हतं. तो मनातल्या मनात देवाला म्हणत होता, केरबाला उचलू दे, केरबाला. त्याची नजर केरबावर गेली, तिथून पुढच्यावर गेली, आणि चिमाशी आल्यावर पटकन घसरून पलीकडे गेली.

"तू," पारखी म्हणाला. "ये, पोरी."

चिमा पुढे आली. बायकांच्या घोळक्यात तिच्या आईनं पदर तोंडाला लावला.

पारख्यानं तिला देवळाच्या पायरीवर कोरलेली ओळ वाचायला लावली. चिमानं बोट ठेवून, अडखळत, पण वाचली. माणसांत कुजबुज झाली.

"आता हिशेब," पारखी म्हणाला. "येका गाडीत सोळा चिरे. सात गाड्या गेल्या. चिरे किती?"

चिमाचे ओठ हलायला लागले. सगळं गाव त्या ओठांकडे बघत होतं. केरबाला उत्तर कधीच आलं होतं. त्यानं दात आवळून ते आत धरून ठेवलं होतं.

"एकशे दोन," चिमा म्हणाली.

मुकादम झटकन पुढे झाला. "बाद!" तो ओरडला. "तुमच्याच ख्योळातला सबूद हाय, पंतोजी. बद्द वाजलं. गाडी माघारी!" आणि त्यानं चळतीतली वरची टोपली उचलली.

चिमानं चिंचेकडे बघितलं. आता ही जाणार आणि झाडाखाली बसणार, मीच तिला ते शिकवलंय, असं पंतोजीला वाटलं.

पण चिमा झाडाकडे गेली नाही. ती रांगेच्या शेवटी गेली आणि सगळ्यात मागे उभी राहिली.

"कुठं चालली गं?" मुकादमानं दरडावलं.

"रांगेत," ती म्हणाली. "चुकलं की रांगेत जायचं आन् परत यायचं."

रांगेत सगळ्यात पुढे केरबा होता. तो बाजूला झाला. त्याच्या मागचा बाजूला झाला. मग त्याच्या मागची. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. एकेक पोर बाजूला होत गेलं आणि चिमा एकेक पाऊल पुढे येत गेली. मुकादम हातात टोपली घेऊन बघतच राहिला. पारखी मध्ये पडला नाही. अखेर चिमा पुन्हा पारख्यासमोर आली. तिनं सवयीनं एक पाय उचलला आणि लंगडीवर उभी राहून मोठ्यानं हिशेब सुरू केला.

"सात दाहे सत्तर. सात सक बेचाळीस. सत्तर आन् चाळीस, एकशे धा. वरचे दोन. एकशे बारा." तिनं मान वर केली. "एकशे बारा चिरे."

पोरांनी एकच गिल्ला केला. पण मुकादम हटला नाही. "रीत म्हंजी रीत! दगूड येकदाच वाजवत्यात. पयल्यांदा बद्द वाजला, तो बद्द. का वो, पारखी?"

रीत तशीच होती. कुणाला नाकारता येईना. सगळ्या आयांच्या माना खाली गेल्या. पारख्यानं कमरेची हातोडी काढून हातात घेतली.

"मुकादम बोलला ते खरं हाय," तो म्हणाला. "मी दगडाला दुसऱ्यांदा कदी हातोडी मारली न्हाई. मारून उपेग काय? चिरलेला दगूड शंभरदा वाजवा, बद्दच वाजतो. त्याची चीर काय मिटत न्हाई." त्यानं चिमाकडे बघितलं. "हिची मिटली. माझ्या डोळ्यांदेखत मिटली. मंग हिला दगडाची रीत लावणारा मीच चुकलो की. शाळा ऱ्हाईल, पोरं खाणीत उतरणार न्हाईत."

त्यानं हातोडी देवळाच्या पायरीवर ठेवली आणि जरा वाकून विचारलं, "पोरी, चुकलेल्यानं कुठं हुबं ऱ्हायचं म्हनलीस?"

चिमानं गोंधळून रांगेच्या शेवटाकडे बोट दाखवलं.

अवघ्या गावानं ज्याच्या शब्दावर गाड्या माघारी नेल्या, तो म्हातारा सावकाश चालत गेला आणि पोरांच्या रांगेत सगळ्यात मागे उभा राहिला. पटांगणात कुणी हसलं नाही. मुकादमानं हातातली टोपली हळूच खाली ठेवली.

मग पंतोजी निघाला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. साथीतल्या त्या संध्याकाळी कुणाच्या दारात जाऊन तो काय बोलला, हे त्या आया आणि चिमा सोडून गावात कुणाला माहीतही नव्हतं. तो मान खाली घालून चालत गेला आणि पारख्याच्या मागे उभा राहिला. चिमाच्या आईनं तोंडावरचा पदर काढला आणि ती त्याच्याकडे बघत राहिली.

चिमा तेवढ्यात चुन्याचा खडा घेऊन फरसबंदीवर चौकोन आखायला लागली होती. आखून झाल्यावर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "चला, पयला कोण?"

तात्पर्य: खेळानं पोर शिकतं खरं, पण त्याला खेळात ठेवलं तर. चुकलं म्हणून ज्याला बाहेर बसवलं, तो काय शिकणार? जो वारंवार हरतो, त्याला आधी आणखी एक डाव द्यावा.